कॅलिपर लावल्यावर गुडघ्याचे काय होते?

पोलिओने पाय अधू झालेली व्यक्ती चालताना पाहिली, तर पुष्कळदा तिचा एक हात मांडीवर टेकलेला दिसतो. पाऊल जमिनीवर पडून अंगाचा भार त्या पायावर आला की हाताचा तळवा गुडघ्याच्या किंचित वर मांडीला मागे रेटतो, आणि पाय पुन्हा उचलला जाईपर्यंत तो तिथेच राहतो. पाहणाऱ्याला वाटते की पाय दुखत असावा. प्रत्यक्षात तो हात एका निकामी झालेल्या स्नायूचे काम करत असतो. माझ्या थोरल्या बहिणीला, म्हणजे ताईला, १९७४ मध्ये दोन वर्षांची असताना उजव्या पायाला पोलिओ झाला. तिचे चालणे मी जन्मापासून पाहत आलो आहे. पण तिचा हात मांडीवर नेमका कशासाठी जातो, कॅलिपर, म्हणजे पायाला बाहेरून आधार देणारा सळ्या-पट्ट्यांचा सांगाडा, लावले की तो का सुटतो आणि हात सुटला तरी चाल अवघडलेली का राहते, हे मला फार उशिरा कळले. गुडघ्याला किंवा पायाला आधार देणारे साधन ज्यांच्या घरात आले आहे किंवा येणार आहे, त्यांना हे आधीच कळावे, एवढ्यासाठी हा लेख लिहीत आहे.

सुरुवात धडधाकट गुडघ्यापासून करू. सरळ, निवांत उभे राहा आणि बोटांनी स्वतःच्या गुडघ्याची वाटी डावी-उजवीकडे हलवून पाहा. ती सहज हलते. आता गुडघे थोडेसे वाकवा आणि पुन्हा हलवून पाहा; वाटी जागच्या जागी घट्ट बसलेली असते. मांडीच्या पुढच्या बाजूला असलेला चार भागांचा मोठा स्नायू, ज्याला चतुःशिर स्नायू म्हणतात, तो वाटीला कवेत घेऊन खाली नडगीच्या हाडाला जोडलेला असतो, आणि गुडघा वाकू पाहतो तेव्हा हाच स्नायू ताणून त्याला सावरतो. पहिल्या स्थितीत वाटी सैल होती, याचा अर्थ हा स्नायू जवळजवळ काहीच काम करत नव्हता. तरीही आपण कोसळलो नाही.

त्याचे कारण भाराच्या रेषेत आहे. पायावर जो भार येतो, त्याला जमिनीकडून तेवढाच उलटा रेटा मिळतो, आणि हा रेटा ज्या रेषेतून वर जातो तिला आपण भाररेषा म्हणू. ही रेषा गुडघ्याच्या आसाच्या पुढून गेली तर ती गुडघ्याला मागे, म्हणजे सरळ होण्याच्या दिशेने दाबते. मागून गेली तर गुडघा वाकवते. निवांत उभे असताना ती गुडघ्याच्या जरा पुढून जाते, म्हणून सांध्यामागची बंधने ताणली जाऊन गुडघा आपोआप सरळ राहतो आणि स्नायूला विश्रांती मिळते. गुडघा थोडा वाकला की रेषा मागे जाते आणि हिशेब एकदम बदलतो. ६० किलो वजनाची व्यक्ती एका पायावर उभी आहे आणि भाररेषा गुडघ्याच्या आसापासून ५ सेंटीमीटर मागून जात आहे, असे धरा. गुडघा वाकवणारा जोर झाला ६० गुणिले ५, म्हणजे ३०० किलो-सेंटीमीटर. वाटीखालचा कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरीसारखी पट्टी, आसापासून साधारण ४ सेंटीमीटरच पुढे असतो, म्हणून हा जोर तोलायला त्याला सुमारे ७५ किलोंची ओढ द्यावी लागते. रेषा १० सेंटीमीटर मागे गेली तर १५० किलोंची. ढोबळ हिशेब असला तरी मुद्दा त्यातून स्पष्ट होतो: गुडघ्यात स्नायू किती लागणार, हे माणसाच्या वजनाइतकेच भाररेषा कुठून जाते यावर ठरते. पुढे येणारी प्रत्येक युक्ती, मग ती शरीराने शोधलेली असो वा कारागिराने, याच रेषेशी चाललेला खेळ आहे.

चालताना गुडघ्याकडे दोन परस्परविरोधी कामे असतात. एका पायाचे एक पूर्ण आवर्तन घेतले, तर त्यातला सुमारे ६० टक्के वेळ पाऊल जमिनीवर असते आणि ४० टक्के वेळ हवेत. जमिनीवर असताना गुडघ्याने खांब व्हायचे असते. टाच टेकल्यानंतर लगेच तो १५ ते २० अंश वाकतो, त्यामुळे धक्का जिरतो, आणि नेमक्या त्याच क्षणी चतुःशिर स्नायूची सर्वांत जास्त गरज लागते. पाय हवेत असताना मात्र त्याच गुडघ्याने बिजागरी व्हायचे असते. तो जवळपास ६० अंश वाकतो, त्यामुळे पाय आखूड होतो आणि पायाची बोटे जमिनीपासून जेमतेम एक-दोन सेंटीमीटर वरून न अडखळता पुढे निघून जातात. खांब आणि बिजागरी यांची अदलाबदल दर पावलाला, सेकंदाच्या आत, न सांगता होत असते.

पोलिओचा विषाणू मेरुरज्जूतील स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी मारतो. स्पर्श, वेदना, पाय कुठे आहे याची जाणीव शाबूत राहते. जाते ती स्नायूची ताकद, आणि चतुःशिर स्नायू या आजारात फार वेळा सापडतो. खांब करणारा स्नायूच गेला की शरीर भाररेषा पुढे आणण्याचे मार्ग शोधते. कुणी हाताने मांडी मागे रेटतो. कुणी भार घेताना कमरेतून पुढे झुकतो, म्हणजे धडाचे वजन गुडघ्याच्या पुढे येते. कुणाचा गुडघा वर्षानुवर्षे मागे दाबला जाऊन उलट्या बाजूला थोडा वाकतो आणि तिथे बंधनांवर टेकून राहतो. आणि कुणाची टाच आखडलेली असते, त्यामुळे चवडा आधी टेकतो, नडगी मागे ढकलली जाते आणि तिच्याबरोबर गुडघाही. या चारही गोष्टी पाहणाऱ्याला व्यंग वाटतात, पण त्या त्या माणसाच्या पायात त्यांनी एका स्नायूची जागा घेतलेली असते.

ताई अठ्ठावीस वर्षांची असताना एका ठिकाणी तिला टाचेमागचा आखडलेला कंडरा लांब करण्याची शस्त्रक्रिया सुचवण्यात आली. टाच जमिनीला टेकेल, पाय सरळ दिसेल, असे सांगितले गेले, आणि घरातल्या सगळ्यांना ते पटले. शस्त्रक्रियेपूर्वी एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी तिला टेबलाजवळ उभे केले आणि उजव्या टाचेखाली लाकडाची दोनेक सेंटीमीटर जाडीची फळी सरकवून म्हणाल्या, "आता मांडीवरचा हात काढा बघू." ताईने हात काढला आणि गुडघा तत्क्षणी वाकला, तिने दोन्ही हातांनी टेबल धरले म्हणून ती पडली नाही. फळी काढली, टाच पुन्हा अधांतरी झाली, आणि ती हात न लावता काही सेकंद उभी राहू शकली. टाचेखाली उंची मिळाल्यावर चवड्याचा मागे ढकलणारा रेटा संपला होता, आणि शस्त्रक्रियेनेही नेमके हेच घडले असते. बाईंनी एवढेच विचारले, "तुम्हाला पाय सरळ हवा आहे की चालणारा?" ती शस्त्रक्रिया झाली नाही. आखडलेली टाच कधीच सैल करू नये, असा याचा अर्थ नाही. अनेकांना त्याची गरज असते आणि सोबत कॅलिपर दिले तर निभावतेही. पण दिसणाऱ्या दोषाच्या मागे कोणते काम चालले आहे, हे तपासल्याशिवाय त्याला हात लावू नये, हे मी त्या फळीपाशी शिकलो.

आता कॅलिपरकडे वळू. एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलमध्ये ह्यू ओवेन थॉमस नावाचे डॉक्टर होते. हाडे बसवणाऱ्या वेल्श घराण्यातले. त्यांनी पायाच्या दोन्ही बाजूंनी लोखंडी सळ्या देऊन त्यांची खालची टोके बुटाच्या टाचेत आत वळवून बसवण्याची रचना केली, आणि तिलाच कॅलिपर हे नाव मिळाले. आपल्याकडे हा शब्द इतका रुळला की आज प्लास्टिकच्या साच्यातून बनलेल्या साधनालाही लोक कॅलिपरच म्हणतात. मांडीपासून तळपायापर्यंत जाणाऱ्या लांब साधनाला दवाखान्यात के.ए.एफ.ओ. आणि गुडघ्याखालच्या आखूड साधनाला ए.एफ.ओ. म्हणतात. या लेखात मी लांबाला कॅलिपर आणि आखडाला ए.एफ.ओ. म्हणणार आहे.

कॅलिपर गुडघ्याला कसे धरते? तीन जागी दाबून. गुडघ्यावरची गादी पुढून मागे दाबते, मांडीमागचा पट्टा मागून पुढे दाबतो आणि खाली पोटरी किंवा टाच मागून पुढे दाबली जाते. काडी दोन टोकांना बोटांनी धरून मध्ये अंगठ्याने दाबावी, तशी ही रचना असते. वरच्या उदाहरणातला ३०० किलो-सेंटीमीटरचा जोर अडवायचा असेल आणि मांडीचा पट्टा गुडघ्यापासून २५ सेंटीमीटर वर असेल, तर त्या पट्ट्यावर सुमारे १२ किलोंचा दाब येतो आणि खालचा टेकाही तेवढ्याच अंतरावर असल्यास गुडघ्याच्या गादीवर त्याच्या दुप्पट, म्हणजे २४ किलोंचा. हेच साधन आखूड केले आणि पट्टे गुडघ्यापासून ८ सेंटीमीटरवर आणले, तर पट्ट्यांवर प्रत्येकी साडेसदतीस किलो आणि गुडघ्यावर ७५ किलो. एवढा दाब कोणतीही कातडी सहन करणार नाही. औषधाच्या दुकानात मिळणारी लवचीक नी-कॅप घालून अशक्त गुडघा वाकायचा थांबत नाही, त्याचे कारण हेच. नी-कॅपने ऊब मिळते, सांध्याची जाणीव सुधारते, काहींना वेदनेत बरे वाटते. पण मांडीच्या स्नायूची ताकद गेलेल्या माणसाने तिच्या भरवशावर जिना उतरणे धोक्याचे आहे. कॅलिपर लांब असते ते उगाच नाही.

गुडघ्याच्या दोन्ही बाजूंना कॅलिपरला बिजागऱ्या असतात आणि सर्वांत साधे, सर्वांत टिकाऊ कुलूप म्हणजे त्यांवर सरकणारी कडी. माणूस उभा राहून पाय सरळ करतो तेव्हा कडी आपल्या वजनाने खाली घसरते आणि बिजागरी बंद होते. बसताना ती बोटांनी वर ओढायची. आमच्या घरात ताई उभी राहिली की दोनदा खट् खट् असा आवाज व्हायचा. एकच आवाज आला तर आई स्वयंपाकघरातून विचारायची, "दुसरी बसली का गं?" कारण एक कडी अर्धवट राहिली की सगळा भार दुसऱ्या बाजूच्या सांध्यावर पडतो आणि कॅलिपर पिळते.

कुलूप लागले की खांबाचा प्रश्न पूर्ण सुटतो. भाररेषा कुठूनही जावो, गुडघा वाकत नाही. मांडीवरचा हात मोकळा होतो, पाठ सरळ होते. ताई पाचव्या वर्षी कॅलिपर घालून पहिल्यांदा चालली तेव्हा तिने दोन हातांत दोन तांबे घेऊन अंगणातून फेरी मारली होती, असे आई सांगते. चालण्याची क्षमता मोजताना किती मिनिटांत किती मीटर, एवढेच पाहिले जाते; चालताना हातात काही धरता येते का, हेही पाहायला हवे, असे मला नेहमी वाटते.

पण बिजागरी गेली. हवेत असतानाही पाय काठीसारखा सरळ, म्हणून पूर्ण लांबीचा राहतो, आणि तो जमिनीला न घासता पुढे नेण्यासाठी शरीराला दुसरीकडून उंची काढावी लागते. कमरेची ती बाजू वर उचलली जाते, किंवा पाय बाहेरून अर्धवर्तुळ काढत पुढे येतो, किंवा माणूस दुसऱ्या पायाच्या चवड्यावर उंच होतो. धक्का जिरवणारे १५-२० अंशांचे वाकणे नाहीसे झाल्याने प्रत्येक पावलाचा हादरा कंबरेपर्यंत जातो. शरीराचा गुरुत्वमध्य दर पावलाला जास्त वर-खाली होतो, म्हणून तेवढ्याच अंतराला दम जास्त लागतो. त्यात साधनाचे वजन. लोखंड, चामडे आणि जड बूट यांचे वजन पायाच्या टोकाशी असल्याने ते पाठीवरच्या तेवढ्याच वजनापेक्षा कितीतरी जास्त थकवते, कारण ते दर पावलाला झोकून पुढे न्यावे लागते आणि पुन्हा थांबवावे लागते. पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचा साचा आणि हलक्या धातूच्या पट्ट्या आल्याने झालेला खरा फायदा इथे आहे.

यावर एक साधा उपाय आहे, तो अनेकांना कुणी सांगत नाही. कुलूपबंद पायाच्या विरुद्ध बाजूच्या बुटाला साधारण एक सेंटीमीटर उंची दिली की कुलूपबंद पायाला जायला जागा मिळते आणि कंबर उचलण्याचे कष्ट कमी होतात. पोलिओ झालेला पाय बहुतेक वेळा दुसऱ्यापेक्षा आखूड वाढतो. अशा वेळी बुटाला उंची देऊन दोन्ही पाय तंतोतंत सारखे करण्याचा मोह आवरावा लागतो. अनुभवी ऑर्थोटिस्ट, म्हणजे अशी साधने मापून बनवणारे तज्ज्ञ, एक-दीड सेंटीमीटर कमीच भरतात. उभे राहिल्यावर फरक दिसतो खरा, पण चालताना बोटे अडकत नाहीत.

बिजागरी कुठे बसवायची, हाही नाजूक भाग आहे. आपला गुडघा दारासारखा एका खिळ्याभोवती फिरत नाही. मांडीच्या हाडाची टोके गोल नसून मागच्या बाजूला अधिक वळलेली असतात, ती नडगीच्या सपाट माथ्यावर थोडी लोळतात आणि थोडी घसरतात, आणि पूर्ण सरळ होताना नडगी शेवटचे काही अंश बाहेरच्या बाजूला वळून घट्ट बसते. त्यामुळे खरा आस वाकण्याबरोबर जागा बदलत राहतो. कॅलिपरची बिजागरी मात्र एकाच जागी फिरते. म्हणून ती सांध्याच्या फटीच्या साधारण दोन सेंटीमीटर वर आणि मध्यापासून किंचित मागे, म्हणजे सर्वांत कमी फरक पडेल अशा ठिकाणी बसवतात. जागा चुकली तर उभे असताना काहीच कळत नाही. खुर्चीत बसल्यावर मांडीचा पट्टा रुततो, साधन खाली-वर सरकते, महिनाभरात तिथली कातडी काळवंडते. शाळकरी मुलांच्या बाबतीत पाय वाढतो आणि कालपर्यंत बरोबर असलेली बिजागरी खाली राहते. दर काही महिन्यांनी ती तपासून घेणे त्यासाठीच.

कुलूप न लावता खांब मिळू शकतो का? काही पायांना मिळतो, आणि तोही त्याच भाररेषेच्या आधाराने. बिजागरी मुद्दाम मागे सरकवून बसवली की उभे राहताना भाररेषा तिच्या पुढून जाते, गुडघा सरळ दाबला जातो, आणि पाय उचलल्यावर तो मोकळेपणी वाकतो. पण गुडघा १० अंशांपेक्षा जास्त आखडलेला असेल, तर रेषा पुढे येतच नाही. उतारावर, खडबडीत वाटेवर, शेताच्या बांधावर ही रचना दगा देऊ शकते, कारण उतरताना गुडघा स्वभावतःच वाकण्याकडे झुकतो. शहरातल्या सपाट फरशीवर छान चालणारे साधन गावाकडच्या पायवाटेवर धोक्याचे ठरते, म्हणून माणूस रोज कुठून कुठे चालतो, हे मोजमाप घेण्याआधी विचारायला हवे.

याच्या पुढची पायरी म्हणजे पाऊल टेकल्यावर आपोआप बंद होणारे आणि पाय उचलताना आपोआप सुटणारे सांधे. काही यांत्रिक असतात, घोट्याच्या हालचालीवर किंवा पायाच्या झोक्यावर चालणारे. काहींत संवेदक आणि छोटा संगणक असतो, जो गुडघ्याला हळूहळू वाकू देतो, त्यामुळे जिना एकाआड एक पावलाने उतरता येतो. खांब आणि बिजागरी ही दोन्ही कामे या साधनांत पुन्हा एकत्र येतात. मात्र यांना खुब्याची बऱ्यापैकी ताकद लागते, शिकायला आठवडे जातात, आणि संगणकी सांध्याची किंमत मध्यमवर्गीय घरालाही झेपणारी नसते. ज्याला दिवसातून दहा वेळा खाली बसायचे आहे आणि चिखलातून जायचे आहे, त्याला साधी कडी अजूनही जास्त भरवशाची वाटते, आणि त्यात काही चूक नाही.

आता या विषयातला सर्वांत कमी समजला जाणारा भाग, ज्यावर मला जास्त लिहायचे आहे: गुडघ्याचे नशीब पुष्कळदा घोट्यावर ठरते. एक छोटा प्रयोग करा. भिंतीजवळ उभे राहून दोन्ही टाचांखाली जाड पुस्तक ठेवा. गुडघे पुढे येऊन वाकू पाहतात. आता तेच पुस्तक चवड्यांखाली ठेवा. गुडघे मागे ढकलले जातात. गुडघ्याला आपण हातही लावलेला नाही. गुडघ्याखालचे ए.एफ.ओ. असाच परिणाम करते. त्यात घोटा ज्या कोनात बांधला असेल, त्यावर नडगी पुढे झुकणार की मागे, आणि त्यामुळे गुडघा वाकणार की मागे दाबला जाणार, हे ठरते. चार-पाच अंशांचा फरकही चालताना जाणवतो.

अर्धांगवायूनंतर अनेकांचे पाऊल खाली ओढले जाते, चवडा आधी टेकतो आणि गुडघा दर पावलाला मागे फेकला जातो. घरचे लोक गुडघ्याला पट्टा बांधतात. उपाय बहुधा घोट्यात असतो. पावलाला खाली झुकू न देणारे ए.एफ.ओ. लावले की नडगी पुढे येते आणि गुडघ्याचे मागे फेकले जाणे थांबते किंवा कमी होते. याच साधनाची दुसरी बाजूही आहे. टाच टेकल्यावर निरोगी पाऊल हळूच खाली येते; कडक ए.एफ.ओ.मध्ये घोटा हलत नाही, त्यामुळे पाऊल सपाट होताना त्याच्याबरोबर सगळी नडगी झटक्याने पुढे येते. मांडीचा स्नायू ठणठणीत असेल तर तो सावरतो. तो अशक्त असेल तर आधी मागे जाणारा गुडघा आता पुढे कोसळतो. टाचेत मऊ थर देणे किंवा घोट्याला मर्यादित हालचाल ठेवणे, हे त्यावरचे मार्ग आहेत. म्हणून पाऊल लटकते एवढ्या एकाच कारणाने तयार मापाचे ए.एफ.ओ. विकत आणण्यापूर्वी मांडीची ताकद तपासून घ्यावी, असे मी कळकळीने सांगतो.

आपल्या घरांतली एक सवय इथे फार महत्त्वाची ठरते. ए.एफ.ओ.चा कोन बुटाच्या टाचेची उंची धरून ठरवलेला असतो. बुटाची टाच चवड्यापेक्षा एक सेंटीमीटर उंच असेल, तर त्या बुटात नडगी नीट किंचित पुढे झुकलेली राहते. दारात बूट काढून ए.एफ.ओ. तसेच ठेवून घरात चालले, की ते सेंटीमीटर नाहीसे होते, सगळे साधन मागे कलते आणि गुडघा पुन्हा मागे ढकलला जातो. देवघरात, स्वयंपाकघरात, देवळात दिवसाचा मोठा वेळ असा जातो. आणि उलट, जास्त उंच टाचेची चप्पल घातली तर गुडघा वाकू लागतो. ताईच्या ओळखीतल्या एका आजोबांनी घरात घालायला तेवढ्याच उंचीच्या टाचेची वेगळी धुतलेली सँडल ठेवली आहे. ती उंबऱ्याच्या आत असते आणि बाहेर कधीच जात नाही. साधा तोडगा आहे, पण त्यांच्या गुडघ्यामागचे दुखणे त्यानेच थांबले.

याच तत्त्वावर ए.एफ.ओ.चा एक खास प्रकार बनतो, ज्यात घोटा कडक ठेवून नडगीच्या पुढच्या बाजूला, गुडघ्याच्या जरा खाली, रुंद कवच दिलेले असते. शरीर पावलावरून पुढे सरकले की चवडा जमिनीला दाबतो, जमीन उलट रेटते आणि कवच नडगीला मागे धरते. मांडीला हात न लावता गुडघा सरळ राहतो. एरवी हे काम पोटरीचा स्नायू करतो. गुडघे वाकवून चालणाऱ्या सेरेब्रल पाल्सीच्या मुलांत आणि पोटरी अशक्त असलेल्या पोलिओग्रस्तांत याचा चांगला उपयोग होतो, मात्र गुडघा पूर्ण सरळ होत असला पाहिजे आणि पाऊल फार बाहेर वळलेले नसावे.

वयोमानाने झिजलेल्या, बाहेर बाक आलेल्या गुडघ्यांसाठी मिळणाऱ्या पट्ट्यांचे गणित बाजूच्या दिशेचे असते. ते आतल्या कप्प्यावरचा भार थोडा बाहेरच्या कप्प्याकडे वळवतात. काहींना त्याने वेदना कमी होते, झीज भरून येत नाही.

कॅलिपर लावले तर पायाला सवय लागेल, स्नायू आणखी सुस्त होईल, ही भीती जवळजवळ प्रत्येक घरात ऐकू येते. शस्त्रक्रियेनंतर किंवा दुखापतीनंतर काही काळ लावायच्या साधनाबाबत तिच्यात तथ्य आहे. तिथे डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे व्यायाम चालू ठेवून साधन वेळेवर सोडायचे असते. पोलिओत ज्या स्नायूचे मज्जातंतूच उरले नाहीत, तो कॅलिपर काढून ठेवल्याने जागा होत नाही. उलट जे मज्जातंतू वाचले, त्यांनी अनाथ झालेल्या स्नायुतंतूंना फांद्या फोडून सांभाळलेले असते, आणि अनेक दशकांच्या या जादा कामाने ते पुढे थकतात, असे मानले जाते. आजारानंतर तीस-चाळीस वर्षांनी नव्याने येणारी ही अशक्तता आणि थकवा म्हणजे पोलिओपश्चात विकार. भारतात रानटी पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतासह जागतिक आरोग्य संघटनेचा आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. आजार गेला, पण तो झालेली लाखो माणसे आज चाळिशी-साठीत आहेत, आणि त्यांच्यातल्या अनेकांनी कॉलेजात लाजेने कॅलिपर माळ्यावर टाकले होते. ताईनेही टाकले होते. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी एका पावसाळ्यात ती तीनदा पडली, तिसऱ्यांदा मनगट मोडले, तेव्हा ती पुन्हा मोजमाप द्यायला तयार झाली.

असे मोजमाप देण्यासाठी मुंबईत हाजी अलीजवळची १९५५ पासून असलेली भौतिक चिकित्सा व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था आहे, मोठ्या सरकारी रुग्णालयांत कार्यशाळा आहेत, आणि कानपूरची एलिम्को ही १९७२ मध्ये स्थापन झालेली केंद्र सरकारची कंपनी कॅलिपरचे सुटे भाग देशभर पुरवते. शिबिरातही साधने मिळतात. शिबिरातून घ्यावे, पण फिटिंगसाठी पुन्हा बोलावणार आहेत का, हे विचारूनच घ्यावे. साधन हातात आले म्हणजे काम अर्धेच झाले.

ताईने नव्या कॅलिपरच्या वेळी जे केले ते सांगतो. रोज घालायचे तेच बूट ती सोबत घेऊन गेली. आधी ती उभी राहिली, तेव्हा मांडीचा वरचा पट्टा बसायच्या हाडाला टेकत नाही ना, हे पाहिले. मग कॉरिडॉरमध्ये पंधरा मिनिटे चालली, जिना चढली-उतरली, उताराच्या रस्त्यावर गेली. त्यानंतर खुर्चीत बसली आणि पट्टा सरकतो का ते पाहिले. मग जमिनीवर बसून, हात टेकून, स्वतःची स्वतः उठली, कारण घरी तिला ते रोज करायचे होते. शेवटी कॅलिपर काढून पायावरच्या लाल खुणा पाहिल्या. पट्ट्याखालची लाली वीस मिनिटांत उतरली. गुडघ्याच्या आतल्या बाजूच्या हाडावरची उतरली नाही, तेव्हा तिथल्या कारागिराला ती म्हणाली, "दादा, इथं थोडं गरम करून बाहेर काढा," आणि त्याने प्लास्टिक तापवून तेवढी जागा मोकळी करून दिली.